सेल्फ उचलत नाही : एका पावसाळ्यातल्या चार्जिंग दुरुस्तीच्या नोंदी

२ जुलै २०२३, रविवार

सकाळी ठाण्यातल्या कासारवडवलीच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सेल्फ दाबला, तेव्हा रिलेची नुसती टकटक ऐकू आली आणि मीटरवरचे दिवे मंद होत विझले. गाडी म्हणजे माझी मोटारसायकल, २०१७ सालची, एका सिलिंडरची, कार्ब्युरेटर असलेली आहे. तिला किक नाही, त्यामुळे बॅटरी बसली की धक्का मारण्यावाचून उपाय राहत नाही आणि घोडबंदर रोडवर, मेट्रोच्या खांबांच्या मधल्या गर्दीत, ते काम धोक्याचे असते. मल्टिमीटर लावला तर बॅटरी ११.६२ व्होल्ट दाखवत होती. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी विश्रांतीच्या स्थितीत १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. तिच्यात सहा सेल असतात आणि प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्टचा असतो. १२.२ व्होल्ट म्हणजे ती निम्मी उतरलेली आणि १२ च्या खाली गेली म्हणजे जवळजवळ रिकामी, असा हिशेब मी धरतो.

या गाडीची ही तिसरी बॅटरी आहे. कंपनीतून आलेली पहिली बॅटरी नोव्हेंबर २०२१ पर्यंत चालली, दुसरी सप्टेंबर २०२२ मध्ये बसली आणि तिसरीने आज, दहा महिने पूर्ण होण्याच्या आत, मान टाकली. जी गाडी पहिल्या बॅटरीवर चार वर्षांहून अधिक चालली, तिनेच पुढच्या दोन बॅटऱ्या वर्षभरही टिकू दिल्या नाहीत, हे नुसते दैव म्हणून सोडून देणे मला पटत नाही. म्हणून या वेळी नवी बॅटरी घेण्याआधी कारण शोधायचे आणि प्रत्येक आकडा लिहून ठेवायचा, असे ठरवून ही वही सुरू करत आहे.

३ जुलै, सोमवार

नेहमीच्या मेकॅनिकला दाखवले. त्यांनी हेडलाइट लावून पाहिला आणि म्हणाले, "दादा, बॅटरी बसली आहे, नवीनच टाकावी लागेल. उगाच चार्जिंगला देऊन पैसे घालवू नका." त्यांचा अनुभव मोठा आहे आणि इंजिनाच्या कामात माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे, परंतु मागच्या दोन्ही वेळी याच वाक्यावर मी बॅटरी घेतली होती. मी बॅटरी काढून घरी आणली. काढताना आधी निगेटिव्ह आणि मग पॉझिटिव्ह, बसवताना याच्या उलट, हा क्रम मी कधीच मोडत नाही, कारण निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्हवर चालवलेला पाना चेसिसला टेकला तर थेट शॉर्ट होते.

५ जुलै, बुधवार

बॅटरी ९ अँपिअर-तासांची, सीलबंद प्रकारची आहे, म्हणून क्षमतेच्या एक दशांश, म्हणजे ०.९ अँपिअर, इतक्या प्रवाहाने रात्रभर चार्ज केली. चार्जरची मर्यादा १४.४ व्होल्टवर ठेवली होती. दुकानात मोठ्या चार्जरवर "दोन तासांत भरून देतो" असे सांगतात; सीलबंद बॅटरीच्या बाबतीत मी ते टाळतो, कारण जोराच्या चार्जिंगने आत तयार होणारा वायू व्हॉल्व्हमधून निघून जातो आणि गेलेले पाणी परत घालायला झाकण उघडता येत नाही. चार्जर काढून बारा तासांनी १२.५८ व्होल्ट मिळाले. गाडीला लावल्यावर सेल्फने इंजिन फिरवले, पण फिरवताना व्होल्टेज ९.१ पर्यंत खाली आले. ते १० च्या आसपास किंवा वर राहायला हवे होते. म्हणजे बॅटरी दुबळी झाली आहे, हे मेकॅनिकचे म्हणणे खोटे नाही. ती दुबळी कशाने झाली, हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

९ जुलै, रविवार

आज चार्जिंगची तपासणी केली. इंजिन गरम झाल्यावर ४००० आरपीएमला (मिनिटाला ४००० फेरे) बॅटरीच्या टोकांवर १३.०५ व्होल्ट मिळाले. निरोगी गाडीत ही जागा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असते, तेव्हा चार्जिंग कमी पडत आहे हे नक्की झाले.

त्यानंतर मॅग्नेट कॉइल, म्हणजे इंजिनाच्या फिरण्यातून वीज तयार करणारा स्टेटर, तपासला. त्यातून तीन पिवळ्या वायरी निघतात. कपलर (वायरी जोडणारा प्लग) सोडवून दोन-दोन वायरींत ४००० आरपीएमला एसी व्होल्टेज मोजले, तर ५२, ५२ आणि ५१ असे जवळजवळ सारखे आकडे आले. एखादी कॉइल जळली असती तर एक जोडी स्पष्टपणे मागे पडली असती. इंजिन बंद करून मोजलेला रोध तिन्ही जोड्यांत, मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध वजा करून, ०.४ ओहमच्या आसपास होता आणि कोणतीही पिवळी वायर चेसिसला जोडलेली दिसली नाही. स्टेटर ठीक आहे. त्याची एसी वीज डीसी करून तिचे व्होल्टेज आवरणारा भाग म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायर, ज्याला आर.आर. युनिट म्हणतात.

वहीत आज मी असे लिहिले : "स्टेटर चांगला, बॅटरीपर्यंत व्होल्टेज पोहोचत नाही, म्हणून आर.आर. युनिट गेले." हे वाक्य खोडत नाही, कारण पुढच्या आठवड्याचा खर्च याच वाक्यामुळे झाला.

१६ जुलै, रविवार

नवे आर.आर. युनिट आणून बसवले. बॅटरीवर ४००० आरपीएमला १३.०७ व्होल्ट मिळाले. दोन शतांश व्होल्टचा हा फरक मोजणीच्या चुकीतही येतो. जुने युनिट टेबलावर घेऊन मीटरच्या डायोड मोडवर तपासले, तर तिन्ही पिवळ्या टोकांपासून एका दिशेने ०.४८ ते ०.५२ आणि उलट दिशेने काहीच नाही, असे जसे यायला हवे तसेच आकडे आले. ही तपासणी मी विकत घेण्याआधी करायला हवी होती. डायोडच्या या तपासणीतून युनिटचा व्होल्टेज आवरणारा भाग कळत नाही, हे खरे असले तरी निदान मी थांबलो असतो. इलेक्ट्रिकचा सुटा भाग दुकानदार परत घेत नाहीत, त्यामुळे नवे युनिट आता कपाटात सुटा भाग म्हणून राहील.

२३ जुलै, रविवार

आठवडाभर मुसळधार पाऊस झाला, गाडीला हात लावला नाही.

३० जुलै, रविवार

दुसऱ्या मजल्यावरचे काका वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात आयुष्यभर इलेक्ट्रिकल मेंटेनन्स सांभाळत होते. पार्किंगमध्ये मला मीटर घेऊन बसलेला पाहून ते खाली आले आणि त्यांनी माझी वही शांतपणे वाचली. मग म्हणाले, "तू दोन टोकं मोजलीस. मधली वाट कोण मोजणार? व्होल्ट कुठे हरवतात ते शोध की आधी." मी म्हणालो, "काका, मधे नुसत्या वायरीच तर आहेत." त्यावर ते एवढेच म्हणाले, "मग तुम्ही वायरमन कशाला ठेवता रे?"

त्यांनी दाखवलेली पद्धत अशी आहे. ती वाटते तितकी अवघड नाही आणि प्रत्येक गाडी राखणाऱ्याने ती शिकावी अशी माझी मनापासूनची इच्छा आहे. मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा, एक टोक आर.आर. युनिटच्या पॉझिटिव्ह पिनला कपलरच्या मागच्या बाजूने टेकवायचे आणि दुसरे थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हला. इंजिन ४००० वर ठेवले की मीटर जे दाखवेल, तेवढे व्होल्टेज त्या वाटेत वाया जात असते. बॅटरी थोडी उतरलेली असतानाच हे करायचे, कारण वाटेतून प्रवाह वाहत नसेल तर गंजलेला सांधाही निर्दोष दिसतो. माझ्या वायरींचा रोध मी यापूर्वी इंजिन बंद ठेवून तपासला होता आणि मीटरने प्रत्येक वेळी "जोडणी आहे" असाच आवाज दिला होता. तो आवाज सांध्यातला एक तारेचा धागा शिल्लक असला तरी येतो, हे आज कळले.

आर.आर. युनिटच्या तोंडाशी १४.२० व्होल्ट आणि बॅटरीवर १३.०५ व्होल्ट, म्हणजे १.१५ व्होल्ट वाटेत जात होते. काकांनी वाटेचे तुकडे पाडायला लावले. युनिटच्या कपलरमध्ये ०.२१, अर्थच्या (चेसिसमधून निगेटिव्हकडे परतणाऱ्या) वाटेत ०.१८ आणि मुख्य फ्यूजच्या होल्डरमध्ये, बोटभर जागेत, ०.७६. पॉझिटिव्हच्या सगळ्या वाटेत मिळून ०.२ ते ०.३ पेक्षा अधिक जाऊ नये, असे काका म्हणाले.

फ्यूज उपसला. फ्यूज शाबूत होता. होल्डरचे प्लॅस्टिक एका बाजूने चहाच्या रंगाचे झाले होते आणि आतली पितळेची पकड फाकलेली होती. त्या फाकलेल्या पकडीत, फ्यूजच्या पायाला चिकटून, तांब्याच्या तारेचे सोललेले चार-पाच धागे खुपसलेले होते. त्यांच्यावर हिरवट पूड चढली होती आणि बोट लावताच त्यातला एक धागा तुटून खाली पडला. ती तार सीटखालून मागे गेली होती. ती जीपीएस ट्रॅकरची होती.

तारीख मला आठवत होती. सोसायटीतून एक गाडी चोरीला गेल्यावर ऑगस्ट २०२१ मध्ये मी हा ट्रॅकर बसवून घेतला होता. पहिली बॅटरी त्यानंतर तीनच महिन्यांत बसली आणि तेव्हा तिचे वय झाले असेल असे मी समजलो.

क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती पकडून प्रवाह मोजणारा मीटर) बॅटरीत जाणारा प्रवाह ३.६ अँपिअर होता. ०.७६ व्होल्ट गुणिले ३.६ अँपिअर म्हणजे २.७ वॉट उष्णता, आणि ती नखाएवढ्या पितळेत कोंडलेली. प्लॅस्टिक त्यानेच करपले. उष्णतेने पकड आणखी सैल झाली असणार, सैल पकडीने रोध वाढला असणार आणि पावसाळ्यातल्या दमट हवेने व सीट काढून मारलेल्या पंपाच्या पाण्याने उरलेले काम केले असणार.

आता एक जुने कोडेही सुटते. मागच्या हिवाळ्यात माळशेजला जाऊन आल्यावर गाडी दोन-तीन आठवडे सुरळीत चालली होती, त्यामुळे "हिला लांब फिरवले की बरी असते" असे मी सगळ्यांना सांगत असे. बॅटरी भरत जाते तसतसा तिच्यात जाणारा प्रवाह कमी होतो, प्रवाह कमी झाला की सांध्यातली तूटही कमी होते, आणि सलग तीन-चार तास मिळाले तर फाकलेल्या पकडीतूनही बॅटरी भरते. रोजच्या प्रवासात तेवढा वेळ मिळत नाही. आर.आर. युनिट बिचारे स्वतःच्या तोंडाशी १४.२ व्होल्ट पाहून काम चोख झाले असे समजत होते आणि त्याच्या बाजूने ते खरेही होते.

६ ऑगस्ट, रविवार

ट्रॅकर किती खातो ते मोजले. चावी बंद करून, बॅटरीची निगेटिव्ह सोडवून, तिच्या आणि चेसिसच्या मधे मीटर मिलिअँपिअरवर लावला. (अशा जोडणीत चावी चालू करायची नाही किंवा सेल्फ दाबायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज उडतो.) एकूण २३ मिलिअँपिअर मिळाले आणि ट्रॅकरची तार सोडवल्यावर फक्त १ मिलिअँपिअर उरला, तो गाडीच्या मीटरमधल्या घड्याळाचा. ट्रॅकरचे २२ मिलिअँपिअर म्हणजे चोवीस तासांत ०.५३ अँपिअर-तास. ९ अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी नुसती उभ्याने नऊ दिवसांत निम्मी होते.

८ ऑगस्ट, मंगळवार

काल आणि आज ऑफिसला जाताना सिग्नलांचा हिशेब ठेवला. कासारवडवलीहून वाघबीळ, मानपाडा, कापूरबावडी, माजिवडा करत नितीन कंपनीच्या नाक्यावरून वागळे इस्टेटला पोहोचेपर्यंत आज २१ मिनिटे गाडी जागेवर उभी होती. आयडलिंगला स्टेटरची ताकद कमी असते आणि दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत पेटलेला राहील हा नियम १ एप्रिल २०१७ पासून लागू असल्याने माझा ५५ वॉटचा दिवा तेव्हाही साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतच असतो. पार्किंगमध्ये क्लॅम्प मीटरने मोजले, तर आयडलिंगला बॅटरीतून ०.७ अँपिअर बाहेर जात होते आणि ब्रेक दाबून धरला की २.३. ब्रेकचा मागचा दिवा २१ वॉटचा आहे, त्यामुळे हा फरक बरोबर जुळतो. सिग्नलला सपाट रस्त्यावर पाय ब्रेकवर रोवून उभे राहण्याची माझी सवय याच कारणाने सोडायची आहे.

सेल्फमुळे बॅटरी संपते हा समज मात्र आकड्यांत टिकत नाही. सेल्फ दोन सेकंद १०० अँपिअर ओढतो असे धरले, तरी ते ०.०६ अँपिअर-तासांपेक्षा कमी होते. आजच्या २१ मिनिटांत, सरासरी दीड अँपिअर धरून, अर्धा अँपिअर-तास गेला, म्हणजे नऊ-दहा वेळा सेल्फ मारण्याइतका.

दिवा एलईडी करून टाका असे दोघांनी सुचवले. हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारातला एलईडी घातला की उजेड फाकतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो; माझी बॅटरी वाचवण्यासाठी ते मला मान्य नाही.

१३ ऑगस्ट, रविवार

दुरुस्तीला चार तास लागले. जुना फ्यूज होल्डर कापून रबरी टोपण असलेला नवा होल्डर घातला आणि सांधे पिळून टेप गुंडाळण्याऐवजी क्रिंपिंगच्या पकडीने दाबून वर हीट श्रिंक नळी चढवली. आर.आर. युनिटच्या कपलरची लाल वायरीची पिन काळवंडली होती, ती बदलली. अर्थची वायर चेसिसला जिथे बोल्टने बसते, तिथला रंग व गंज पॉलिश पेपरने घासून लख्ख धातू दिसेपर्यंत साफ केला आणि घट्ट आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावली. ही जेली आधी लावून मग आवळण्यापेक्षा आधी धातूला धातू भिडवणे मला योग्य वाटते. ट्रॅकरला बॅटरीवरून स्वतंत्र लग आणि २ अँपिअरचा स्वतःचा फ्यूज दिला, तो सीट काढताच हाताला लागेल अशा जागी ठेवला.

निकाल : आर.आर. युनिटवर १४.२५, बॅटरीवर १४.०६ व्होल्ट. वाटेतली तूट १.१५ वरून ०.१९ वर आली. काकांना आकडा दाखवला तेव्हा त्यांनी स्वतः मीटर हातात घेऊन पुन्हा मोजला आणि मगच मान हलवली.

१५ ऑगस्ट, मंगळवार

झेंडावंदनानंतर काकांची जुनी १०० सी.सी. गाडी पाहिली. तिच्यात पाण्याची बॅटरी आहे आणि दर पंधरा दिवसांनी पाणी खालच्या रेषेखाली जाते, शिवाय दोन महिन्यांत तीन बल्ब गेले. हे माझ्या गाडीच्या नेमके उलट लक्षण आहे. रेस केल्यावर बॅटरीवर १५.७ व्होल्ट मिळाले, म्हणजे इथे रेग्युलेटरच खरा दोषी आहे. माझ्या कपाटातले युनिट तिला चालत नाही, त्यांच्यासाठी वेगळे आणावे लागेल. काका आजवर एअर कंडिशनरचे साठलेले पाणी बॅटरीत घालत होते. ते दिसते शुद्ध, पण कॉइलवरून ओघळताना धूळ आणि धातूचा अंश घेऊन येते; डिस्टिल्ड वॉटरची बाटली स्वस्त मिळते, तेच घालावे. हे त्यांना मी सांगितले आणि त्यांनी ऐकून घेतले.

२० ऑगस्ट, रविवार

आता चार्जिंग नीट आहे, तेव्हा या बॅटरीत किती जीव उरला आहे हे तपासण्याचा दिवस. ती पूर्ण चार्ज करून, रात्रभर ठेवून (१२.६१ व्होल्ट), हेडलाइटचा ५५ वॉटचा जुना बल्ब थेट जोडला आणि १०.५ व्होल्टपर्यंत येण्याची वाट पाहिली. निरोगी बॅटरी या भाराला तासाहून अधिक तग धरते. ही ४१ मिनिटांत खाली आली, म्हणजे ९ पैकी जेमतेम ३.१ अँपिअर-तास मिळाले. भार मोठा असला की कोणतीही बॅटरी छापील क्षमता देत नाही, हे धरूनही निम्मी क्षमता गेलेली आहे.

कारण तिच्या राहणीत आहे. उतरलेली बॅटरी चार्जिंगच्या वेळी जास्त प्रवाह ओढते, म्हणून ती एकदम बसली नाही. अर्धवट उतरलेल्या अवस्थेत महिनोन्महिने तरंगत राहिली. अशा अवस्थेत प्लेटांवरचे लेड सल्फेटचे बारीक कण हळूहळू मोठे आणि कठीण स्फटिक बनतात आणि नंतरच्या चार्जिंगला दाद देत नाहीत. विश्रांतीचे व्होल्टेज मात्र चांगले दिसते, आणि दुकानात नेमके तेवढेच पाहिले जाते. आधीची बॅटरीही अशीच गेली असेल आणि मी ती काहीही न तपासता दिली, याचे मला वाईट वाटते.

२७ ऑगस्ट, रविवार

गाडीला किक नसल्याने गणपतीला गावाहून परतल्यावर या बॅटरीवर विसंबणे बरे नाही, म्हणून नवी घेतली. दुकानात मीटर सोबत नेला होता. पहिली बॅटरी १२.४६ व्होल्टची निघाली. खोक्यावरचा महिना पाहिला तर ती बराच काळ मांडणीवर पडलेली होती. दुकानदारांनी कुरकुर न करता दुसरी काढून दिली, ती १२.७७ होती. जुनी बॅटरी तिथेच जमा केली. तिच्यातले शिसे वितळवून पुन्हा वापरले जाते आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती गोळा करून योग्य जागी पोहोचवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. भंगारवाला थोडे जास्त पैसे देतो, पण ॲसिड गटारात ओततो, म्हणून तिकडे दिली नाही.

घरी आणून नवी बॅटरीही ०.९ अँपिअरवर तीन तास टॉप-अप केली, मगच बसवली. सेल्फ मारताना व्होल्टेज १०.६ च्या खाली गेले नाही.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

गणपतीला संगमेश्वरला निघत आहे. गाडी स्टँडवर, बॅटरी १२.७९. ट्रॅकरचा फ्यूज काढून सीटखालच्या डबीत ठेवला. रोज गाडी चालत असेल तर २२ मिलिअँपिअर चालवून घेण्यासारखे आहेत, पण पाच दिवसांपेक्षा जास्त गाडी उभी राहणार असेल तर फ्यूज काढायचा, असा नियम ठरवला आहे. इतके दिवस गाडीवर लक्ष ठेवायला काका आहेत.

२४ सप्टेंबर, रविवार

गौरी-गणपतींचे विसर्जन करून पहाटे परतलो. नऊ दिवसांनी बॅटरी १२.७३ व्होल्ट. पहिल्या दाबाला इंजिन सुरू झाले. ट्रॅकरचा फ्यूज परत घातला, ४००० आरपीएमला बॅटरीवर १४.०४ व्होल्ट, फ्यूज होल्डरमधली तूट ०.०३. होल्डर हाताला गार लागतो. पुढची मोजणी दिवाळीच्या आधीच्या रविवारी करायची आहे, आणि त्याच दिवशी काकांच्या गाडीला नवा रेग्युलेटर बसवायचा आहे.